पिवळ्या वहीतला भोपळा

१२ जानेवारी, सोमवार

लिहायला बसण्याचं कारण सरळ आहे. मला आज एक वही देण्यात आली आणि तीत खरं लिहिणं परवडणारं नाही. खरं कुठेतरी असायला हवं, म्हणून ही दुसरी वही.

ह्यांना सप्टेंबरात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय, बोलणं आणि गिळणं, चारही गेले. पैकी पाय थोडासा परतला. गिळणं शिकवायला दर सोमवारी एक थेरपिस्ट घरी येते. तिच्या पदाचं नाव एका दमात म्हणता येत नाही, म्हणून घरात ती गिळण्याची बाई. आज तिने पिवळ्या पुठ्ठ्याची वही माझ्या हातात ठेवली. काय भरवलं, किती चमचे, किती मिनिटं, किती वेळा खोकला, रोज लिहायचं. वजन एक्कावन्न किलो. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत ते वाढलं नाही आणि खोकला थांबला नाही तर पोटाला भोक पाडून नळी बसवणार. तोंडाने जेवण बंद.

प्रत्येक खोकला लिहिला तर नळी उद्याच बसेल. म्हणून पिवळ्या वहीत माफक.

संकल्प : (१) अठ्ठावीसपर्यंत वजन चोपन्न. (२) नळी नाही. (३) चिडायचं नाही.

इंजिनिअरिंग कॉलेजचं स्टोअर एकतीस वर्षं सांभाळलं मी. एक स्क्रू इकडचा तिकडे झाला नाही. एक माणूस जेवता करणं काय अवघड आहे?

१४ जानेवारी, सकाळी ८.१०

मऊ भात आणि भोपळा, मिक्सरमधून काढलेला. चौदा चमचे ठरवले होते.

गिळण्याच्या बाईचे नियम असे. हनुवटी खाली. चमचा अर्धाच भरायचा. एकदा गिळलं की पुन्हा एकदा कोरडं गिळू द्यायचं, मगच पुढचा चमचा. पाण्यासारखं पातळ काहीही नाही, कारण पातळ पदार्थ चुकीच्या नळीत शिरतो आणि फुफ्फुसात उतरतो. साध्या पाण्यातसुद्धा घट्ट करायची पूड मिसळायची. या हिशेबाने एका वाटीला तास लागतो. दिवसाला तीन तास! उंटावरून शेळ्या हाकायला हिचं काय जातं.

माझी पद्धत : बावीस मिनिटं.

सहाव्या चमच्याला ह्यांनी तोंड मिटलं. ओठ असे घट्ट की चमच्याच्या टोकाने वाट करावी लागली. खोकला चार वेळा. पिवळ्या वहीत एकदा.

कारण : भोपळा गार झाला होता.

१७ जानेवारी, शनिवार

ह्यांची ऑफिसची बॅग आवरली. हे नकाशे काढायचे. पेन्सिली, खोडरबर, घड्या पडलेले रुमाल. आतल्या कप्प्यात एक कार्ड, त्यावर वाफाळणाऱ्या वाडग्याचं चित्र आणि दहा चौकोन. दहा वाडगे खाल्ले की अकरावा फुकट. नऊ शिक्के पडलेले. कोपऱ्यात पेनाने लिहिलंय : कार्ड क्रमांक २४१.

कुठलं तरी जपानी खाण्याचं दुकान. ह्यांच्या ऑफिसमागच्या गल्लीचा पत्ता.

दोनशे चाळीस पुरी कार्डं. म्हणजे दोन हजार चारशे वाडगे. मी इतकी वर्षं रोज डबा दिला आणि डबा रोज रिकामा परत आला. घासूनपुसून.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, आई, बाबा अकरा वर्षं दुपारचे तिथेच जेवायचे की. तुला माहीत नव्हतं?

मला माहीत होतंच. फक्त कोणी सांगितलं नव्हतं.

१९ जानेवारी, सोमवार

रात्रभर विचार केला आणि उत्तर सापडलं. ह्यांना भूक आहे, पण ती भोपळ्याची नाही. अकरा वर्षं जे खाल्लं ते समोर आलं की तोंड आपोआप उघडेल. शिवाय जपानी जेवण मुळातच मऊ. अंड्याचं वाफवलेलं, सोयाबीनच्या दुधाचं थरथरणारं, लुसलुशीत भात. गिळण्याच्या बाईला एवढं साधं सुचू नये?

तिला सांगितलं नाही. आधी पाहणी करायची, मग माल उचलायचा, हा माझा जुना नियम.

पाहणी क्रमांक एक : मॉलमधलं, पट्ट्यावर बशा फिरणारं. ह्यांना दिवसा येणाऱ्या नर्सवर सोपवून एकटीच गेले. माणसं रांगेत बसून पट्ट्याकडे बघतात, कॉलेजात मुलं निकालाच्या फळ्याकडे बघायची तशी. बहुतेक बशांत कच्चा मासा. एक बशी माझ्यासमोरून सात वेळा गेली, तिला कोणी हात लावला नाही, तरी मुकाट्याने फिरत होती. अंड्याचं वाफवलेलं मागवलं. झाकणाच्या कपात आलं. दात नसलेल्यालाही जमेल असं. पण तळाशी एक कोळंबी लपवलेली. नापास.

२१ जानेवारी, बुधवार

पाहणी क्रमांक दोन : दाराशी यंत्र असलेलं. चित्राचं बटण दाबायचं, चिठ्ठी निघते, ती खिडकीत द्यायची. बोलण्याचा संबंध नाही. ह्यांच्यासाठी उत्तम. टेबलं बुटकी, व्हीलचेअर खाली सरकते.

ऑफिसातले लोक करंगळीएवढ्या जाड शेवया काड्यांनी ओढत होते आणि सगळे मिळून असा काही आवाज करत होते की जणू मोरी तुंबलीय. शेजारच्या बाईने सांगितलं की यात आवाज करणं हाच शिष्टाचार, त्यावरून आचाऱ्याला कळतं की आवडलं.

म्हणजे बघा. गिळण्याची बाई म्हणते, जेवताना घशातून आवाज आला की धोका. इथे पन्नास माणसं आवाज करतात आणि तोंड पुसून कामाला जातात. धोका नाही, संस्कृती आहे.

पास.

२४ जानेवारी, शनिवार

ह्यांच्या दुकानात गेले.

दुकान कसलं, खण आहे. एक लांब फळी, तिच्यापलीकडे आचारी, अलीकडे उभी माणसं. खुर्ची नाही. आचाऱ्याने डोक्याला निळं फडकं गुंडाळलेलं. मी त्याला मनात मुंडासेवाला नाव दिलं. कार्ड फळीवर ठेवल्याबरोबर त्याने हातातली चाळणी खाली ठेवली. साहेब कुठे आहेत, म्हणाला. सप्टेंबरपासून त्यांचा कोपरा रिकामा आहे.

सांगितलं. तो बराच वेळ फळी पुसत राहिला.

मग मागून भांडी घासणारी बाई ओल्या हातांनी बाहेर आली. तुम्हीच का ताई, म्हणाली. अहो, तुमच्या डब्याने मला अकरा वर्षं पोसलं. पोरगी तुमच्या भाजीवर वाढली माझी. साहेब रोज डबा माझ्याकडे द्यायचे, मी घासून परत ठेवायची.

घासून कोण ठेवत होतं, ते कळलं. ह्यांच्याकडून एवढी स्वच्छता, मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी मुंडासेवाल्याला विचारलं, डब्याबद्दल हे काही बोलायचे का. तो म्हणाला, काही नाही काकू. फक्त एकदा म्हणाले, इथे घड्याळ नाही ते बरं आहे.

घरी येताना विचार केला. हा माणूस आतून किती दानशूर! अकरा वर्षं स्वतःचा डबा गरिबाला दिला आणि ताकास तूर लागू दिली नाही. मला सांगितलं असतं तर मी दोन डबे दिले असते.

२७ जानेवारी, मंगळवार

पहिली फेरी. ठरल्या वेळी निघालो. व्हीलचेअर टॅक्सीत घालताना ड्रायव्हरचं बोट चिमटलं, तो दोष त्याचा.

सगळे उभे आणि हे बसलेले, त्यामुळे फळी बरोबर ह्यांच्या हनुवटीला लागली. मुंडासेवाल्याने काही न विचारता एक कप पुढे केला. अंड्याचं वाफवलेलं, तळाशी काही नाही. मी ढवळून पाहिलं. वर घातलेला रस्साही त्याने पिठी लावून घट्ट केला होता. म्हणे, माझ्या वडिलांना असंच लागायचं शेवटी.

मग तो फळीवर वाकून स्वतः भरवायला लागला. एक चमचा. मग वळून दुसऱ्या गिऱ्हाइकाचं वाढलं. मग परत आला, ह्यांच्या गळ्याकडे बघितलं, दुसरा चमचा. मध्येच म्हणतो, साहेब, तुमच्या ऑफिसातला तो टकल्या अजून उधारीच सांगतो बरं का. ह्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलली. हसू होतं की काय, नक्की सांगता येत नाही.

अकरा चमचे. खोकला शून्य. वेळ एक तास पाच मिनिटं.

पिवळ्या वहीत : घरी, भोपळा, चौदा चमचे, पंचवीस मिनिटं, खोकला एक. बाहेर नेलं असं लिहिलं तर बाई आकाशपाताळ एक करेल.

योजना यशस्वी आहे. फक्त वेळ कमी करायला हवा.

३१ जानेवारी, शनिवार

तेच घरी केलं. अंडी त्याच मापाची, पिठी तीच. एकोणीस मिनिटं. तीन चमचे. मग ओठ बंद.

कारण : कप. तिथला कप जाड मातीचा होता, आमची वाटी स्टीलची. स्टीलचा आवाज होतो. कप आणले, सहा. सहाच्या खाली देत नाहीत.

संध्याकाळी कपात. दोन चमचे. डोळेही मिटले. झोप आली असणार.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुसरी फेरी. दुकानात गर्दी. मुंडासेवाला एक चमचा भरवायचा आणि चार माणसांचं वाढायला जायचा. अशाने दोन वाजले असते आणि टॅक्सी दीडची सांगितलेली. चमचा मी हातात घेतला.

छान चाललं होतं. सात चमचे, नऊ मिनिटं. मग खोकला. रस्सा नाकातून आला. मुंडासेवाला चाळणी टाकून धावला आणि म्हणाला, काकू, थांबा जरा, त्यांचं आधीचं अजून उतरलं नाही. मी म्हटलं, बाबा रे, त्यांच्याशी संसार मी केलाय.  भांडी घासणारी म्हणाली, ताई, साहेबांचा आवाज ओला येतोय. आवाज कसा ओला येतो? काहीतरीच.

मी समजावलं की शेवया खाताना असा आवाज करायचीच पद्धत आहे. मुंडासेवाला म्हणाला, काकू, हे शेवया खातच नाहीयेत.

काहींना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय असते.

९ फेब्रुवारी, सोमवार

गिळण्याची बाई आली. ह्यांच्या गळ्यावर स्टेथोस्कोप लावून बसली. टेम्परेचर नव्व्याण्णव पॉइंट चार. मी म्हटलं, शाल जाड आहे. शाल काढली. नव्व्याण्णव पॉइंट चारच. आता अंगात गेलेली ऊब लगेच कशी निघणार?

पिवळी वही चाळली. म्हणाली, काकू, रोज चौदा चमचे? रोज पंचवीस मिनिटं? एकही दिवस चुकत नाही? मी म्हटलं, आमच्याकडे शिस्त आहे.  तिचं वय माझ्या नोकरीइतकं. तरी शांतपणे म्हणाली, काकू, मला वही सुंदर नको, खरी हवी. पातळ काही देत नाही आहात ना? गडबड करत नाही आहात ना?

नाही, म्हटलं.

हे माझ्याकडे बघत होते.

बाई गेल्यावर वजन केलं. पन्नास. काटा बिघडला असेल म्हणून त्यावर तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवली. पाच दाखवले. म्हणजे काटा ठीक आहे. मागच्या वेळी स्वेटर घातला होता, तो फरक.

रोज संध्याकाळी आठवून लिहिण्यात वेळ जातो म्हणून पिवळी वही आज बसून पुढच्या रविवारपर्यंत, आणि त्याच्या पुढच्याही, भरून टाकली. भोपळा, चौदा, पंचवीस, एक. कामाचा उरक हा असा लागतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

चौदा दिवस उरले. तुकड्यातुकड्यांनी काही होणार नाही, एकदम मोठं पाऊल हवं. ह्यांनी पुरा वाडगा शेवया खाऊन दाखवायच्या. मी मोबाइलवर शूटिंग करीन आणि तेवीस तारखेच्या सोमवारी गिळण्याच्या बाईसमोर ठेवीन. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

मुंडासेवाल्याकडे जाऊन आगाऊ सांगितलं. तो नाही म्हणाला. चक्क नाही. म्हणाला, काकू, साहेबांना तुम्ही रोज आणा. मी रोज कप करीन, कार्डबिर्ड काही लागणार नाही. दुपारी तीननंतर आणा, दुकान रिकामं असतं, दोन तास लागू देत. पण शेवया मी त्यांना देणार नाही. आणि चमचा मी धरीन.

मी विचारलं, का, माझ्या हाताला काय झालंय? तो म्हणाला, काही नाही. हात घाईत असतो.

एकतीस वर्षं एकाही प्रोफेसरची मला असं बोलायची टाप नव्हती. कार्ड उचललं आणि निघाले.

जेवण काही याच्या एकट्याच्या बापाची मिरास नाही. शहरात जपानी दुकानांचा काय दुष्काळ आहे? दाराशी यंत्र असलेलं आहेच. तिथे कोणी सल्ले देत नाही, चिठ्ठी निघते. तिथली यादीही बघून आले. शेवटी मोची नावाचा पदार्थ आहे. चपला शिवणारा नव्हे, तांदळाचा चिकट गोळा. तो घशात अडकतो असं यादीतच बारीक अक्षरात लिहिलंय. तो मी देणार नाही. निष्काळजीपणाचा आरोप माझ्यावर कोणी करू नये.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ९. टेम्परेचर शंभर. बाहेर ऊन आहे, उलट बरं वाटेल. घरून कात्री घेतली, शेवया कापायला. घट्ट करायच्या पुडीचा डबा पिशवीत घेतला.

संध्याकाळी. जसं झालं तसं लिहिते.

बारा दहाला पोचलो. मी बटण दाबलं, चिठ्ठी दिली, वाडगा आला. शेवया कापल्या, पेराएवढ्या. पूड घातली नाही. रश्शाची खळ झाली असती आणि शेजारचे बघत होते. मोबाइल बरणीला टेकवून सुरू केला.

पहिला चमचा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मला वाटलं, आणखी हवंय. कौतुक वाटलं मला. मी म्हटलं, देते, देते, जरा दम धरा. चौथा दिला. ह्यांनी मनगट सोडलं नाही. पाचवा दिला.

सगळीकडे ओढण्याचे आवाज चालले होते. त्यात ह्यांचा आवाज थांबलेला मला कळला नाही.

शेजारच्या टेबलावरचा माणूस ओरडला, अहो, ते निळे पडलेत. त्यानेच ह्यांना पुढे वाकवून पाठीत धपके घातले. शेवया बाहेर आल्या, रस्सा आत गेला. खिडकीत चिठ्ठ्या घेणारी बाई धावत आली, तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. मी कात्री पिशवीत घालत होते. का घालत होते माहीत नाही. तेव्हा तेच काम समोर दिसलं.

मनगटावर चार बोटं उमटली आहेत. हाताला अजून एवढी ताकद आहे म्हणायची.

१८ फेब्रुवारी

न्यूमोनिया. दोन्हीकडचा. डॉक्टर म्हणाले, हा कालचा एकट्याचा नाही. बरेच दिवस थोडंथोडं आत जात असणार.

ऑक्सिजन. मुलगी आली आहे. माझ्याशी बोलते, पण माझ्याकडे बघून नाही.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांना गेल्या महिन्याचं जेवण हवं होतं. मुलीने घरून पिवळी वही आणून गिळण्याच्या बाईला दिली. बाईने कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्याच वाचली. पानं उलटत उलटत आजच्या तारखेवर आली आणि थांबली. मग वही माझ्यासमोर धरली.

१९ फेब्रुवारी. भोपळा, चौदा चमचे, पंचवीस मिनिटं, खोकला एक.

ह्यांच्या तोंडावर मास्क आहे. दोन दिवस पाण्याचा थेंब नाही.

पुढच्या पानावर उद्याचाही भोपळा होता. रविवारपर्यंत होता.

बाई ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती ओरडली नाही. म्हणाली, काकू, आता तरी सांगा, काय दिलंत आणि किती वेळात? मला त्यावरून ठरवायचंय, छातीत काय असेल.

सांगितलं. कप, रस्सा, शेवया. सात चमचे नऊ मिनिटांत. पाच चमचे, किती मिनिटांत ते मोबाइलवर असेल. तो उघडायला मी मुलीकडे दिला. तिने तो पाहिला. चार मिनिटं वीस सेकंद, म्हणाली, आणि बाहेर जाऊन उभी राहिली.

थोड्या वेळाने परत आली तेव्हा म्हणाली, आई, ते तुला थांबवत होते. तिसऱ्या चमच्यापासून.

मी म्हटलं, त्यांनी तसं सांगायला हवं होतं.

म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

२४ फेब्रुवारी

ताप उतरला. नळी बसवली. कागदावर सही मी केली. पेन माझंच होतं.

वेळ चाळीस मिनिटं. मी बाहेर बसून मोजली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

वजन सत्तेचाळीस. या वेळी काट्यावर काही ठेवून पाहिलं नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

चोपन्न किलोचा दिवस.

घरी आणलं. आता जेवण नळीतून, दुधासारखं डब्यातलं. ते आपोआप उतरतं, त्याला माणसाची गरज नाही, टांगलं की झालं. मुलगी महिन्याची रजा काढून राहायला आली.

गिळण्याची बाई म्हणाली, तोंड अगदीच बंद ठेवायचं नाही. जिभेला चव म्हणून दिवसातून दोन-तीन छोटे चमचे चालतील, घट्ट, आणि अगदी सावकाश. पण एकाच माणसाने भरवायचं आणि ते कोणी, हे काकांनाच विचारू. तिच्याकडे एक बोर्ड आहे, बोलता न येणाऱ्यांसाठी. त्यावर तिने तीन फोटो लावले. एक माझा, एक मुलीचा, एक दिवसा येणाऱ्या नर्सचा.

ह्यांनी बराच वेळ बघितलं. माझ्याच फोटोकडे बघत होते, हे बाईलाही दिसलं. मग बोट उचललं आणि मुलीवर ठेवलं.

बोर्ड तिरका धरला होता. शिवाय डावा हात, नेम चुकतो. मी फोटोंच्या जागा बदलायला लावून पुन्हा विचारायला लावलं.

मुलगी.

बाई म्हणाली, राहू दे काकू आता. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, तीनदा विचारल्याशिवाय कुठलीही चाचणी धरत नाहीत. तिसऱ्या वेळी माझा फोटो मी सगळ्यांत जवळ, ह्यांच्या बोटाखालीच ठेवला.

ह्यांनी हात लांब केला. माझ्यावरून पलीकडे नेला.

२ मार्च, सोमवार, दुपारी ३

भरवण्याचा चार्ज आज मुलीकडे दिला. तोंडी देण्याची माझ्याकडे पद्धत नाही. यादी केली :

चमचा, छोटा, रबरी टोकाचा : एक.
चमचा, स्टीलचा, मोठा : एक. (ती म्हणाली, हा नको, तरी लिहिला.)
घट्ट करायच्या पुडीचे डबे : दोन. एक फोडलेला, एक सीलबंद.
मातीचे कप : सहा.
गळ्याखाली लावायची फडकी : नऊ.
डब्यातलं अन्न, नळीसाठी : चोवीस.
मिक्सर, झाकणासकट : एक.
पिवळी वही : एक. पान ९ फेब्रुवारीपासून पुढे रद्द.
ही वही : एक. तिने मागितली नव्हती. छातीत काय काय गेलं ते फक्त इथेच सगळं आहे, म्हणून डॉक्टरांना द्यायला.
कॉटशेजारचं स्टूल : एक.

प्रत्येक वस्तू समोर ठेवून, मोजून दिली. आतल्या खोलीत हे जागे होते, ऐकत होते. मुलीने कपात काहीतरी कालवलं होतं, ते घेऊन स्टुलावर बसली. पहिला चमचा धरून ती थांबली आहे. मी दारातून बघते आहे. बराच वेळ झाला, ती अजून थांबलेलीच आहे आणि हे तोंड उघडताहेत.

घेणारीची सही सकाळीच झाली होती. देणारीची राहिली होती, ती आत्ता केली.